कळव्याच्या घरातला लाल ठिपका

६ एप्रिल, रविवार

ऑफिसने जानेवारीत दिलेली ही डायरी आज पहिल्यांदा उघडली. मी आरोग्यविम्याचे दावे तपासतो, त्यामुळे ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही असं मानायची सवय लागलेली आहे. घरात सध्या जे चाललंय त्याचीही नोंद असलेली बरी.

तर परिस्थिती अशी. आमची कळव्याची इमारत धोकादायक ठरली आहे. पंधरा मेला पाणी आणि वीज तोडणार. बहुतेक लोक गेले. तिसऱ्या मजल्यावर आता फक्त आम्ही, म्हणजे मी आणि बाबा. आई गेल्या जूनमध्ये गेली. बाबा, सीताराम परब, खोपटच्या डेपोतून रिटायर झालेले एस. टी. कंडक्टर. आयुष्यभर लोकांना "चला, पुढे सरका" म्हणत आले आणि आता स्वतः जागचे हलत नाहीत.

मी आज परत विषय काढला. म्हणाले, "वर्ष होवंदे रे. वर्षभर माणूस घरातच आसता, असा म्हणतत. मगे बघू. तुका पण बरा वाटात."

मला काय वाटायचंय? मी केव्हाचा तयार आहे. दोन जागा मीच बघून आलो. पहिलीत जिन्यावर उजेड नव्हता, दुसरीतलं स्वयंपाकघर अगदीच कोंदट होतं, म्हणून नाही म्हणून सांगितलं. पण निदान बघून तरी आलो.

८ एप्रिल

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मुकुल शनिवार-रविवार मित्रांबरोबर भुतं शोधत फिरतो. बंद गिरण्या, पडके बंगले, असलं काहीतरी. आज डबा खाताना त्याने फोनवरचं अ‍ॅप दाखवलं. हिरवं गोल वर्तुळ, त्यात फिरणारी रेघ, आणि जवळपास 'कोणी' असलं की लाल ठिपका उमटतो. मग एक बाई इंग्रजीत सांगते की इथे अस्तित्व जाणवतंय. मधूनमधून पडद्यावर एखादा शब्दही येतो. तो म्हणे भुताचा निरोप.

"सर, सगळं फेक आहे," मुकुलच म्हणाला. "फोनमध्ये होकायंत्र असतं ना, त्याचा सेन्सर वापरतात. लोखंड आलं की लाल. आपल्याला वाटतं भूत, असतं कपाट. आणि शब्द कुठलेपण टाकतात."

"मग तू कशाला फिरतोस?"

"टाइमपास. आणि माहीत असूनपण कधीकधी जाम फाटते, सर. तीच तर मजा."

मला एकदम युक्ती सुचली. बाबांचा फोनवर फार विश्वास. मोबाइलवर आलेला आवळ्याचा काढा ते रोज पितात. हेच अ‍ॅप घरभर फिरवून दाखवायचं, ठिपका येत नाही म्हणजे आई इथे नाही, विषय संपला. लगेच उतरवून घेतलं.

१० एप्रिल

युक्ती बोंबलली.

ऑफिसला उशिरा जातो असं कळवून घरीच थांबलो आणि दुपारी बाबांना समोर बसवून प्रयोग सुरू केला. बाहेरच्या खोलीत काही नाही. गॅलरीत काही नाही. मी मनातल्या मनात मुद्दे जुळवत होतो. कपाटापाशी गेलो तर ठिपका लालभडक. कपाट लोखंडी आहे हे मला आधी सुचायला हवं होतं. सावरून स्वयंपाकघरात गेलो. तिथे ओट्यापाशी, बरोबर आई उभी राहायची त्या जागी, ठिपका पुन्हा लाल आणि बाईचं इंग्रजी सुरू. ओट्याखाली सिलिंडर असतो.

"काय म्हणता ता बायलमाणूस?" बाबांनी विचारलं.

"म्हणते, कोणीतरी आहे." खोटं बोलायला मला जमलं नाही.

"मगे आसात. तू सोधलंस म्हणजे आसात." हे म्हणताना ते फोनकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. चष्मा बदलायला झालाय त्यांचा. जाता जाता वर म्हणाले, "पण मेल्या, भर बारा वाजता कोण हाक मारता? गावात ह्या येळेक आम्ही विहिरीवर पण जाव नाय."

१३ एप्रिल, रविवार

समीक्षा, माझी धाकटी बहीण, डोंबिवलीहून आलेली. खोके, सुतळी, जाड पेन असा सगळा जामानिमा घेऊन. माझ्या न झालेल्या लग्नाची बोलणीसुद्धा कोणी एवढ्या तयारीने केली नव्हती. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरली आणि आईचे डबे काढायला लागली. कुळथाची पिठी, सोलं, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण सुकवून ठेवलेलं.

"दादा, पिठीत किडे झालेत. टाकते."

मी सांगितलं की स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी आवरायचं, कारण ते रोज लागतं. साधं तर्कशास्त्र आहे.

"कुळथाची पिठी रोज लागते? तू तर खात पण नाहीस."

"हात लावू नकोस म्हटलं ना!" मी जरा मोठ्याने बोललो. बाबा बाहेरून आत डोकावले आणि परत गेले. समीक्षाने डबा जागेवर ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "शहाडला एक जागा आहे. नदी दिसते खिडकीतून. तू एकदा बघून ये ना रे."

शहाड लांब पडतं. तसं सांगितलं. आणि अडचण जागेची नाहीच, बाबांची आहे, हे हिला कधी कळणार?

१५ एप्रिल

अ‍ॅप नीट समजून घेतल्याशिवाय पुढची योजना आखता येणार नाही, म्हणून सध्या रोज थोडी चाचणी घेतो आहे. आज ऑफिसातून जरा लवकर निघालो. बाबा खाली कट्ट्यावर बसलेले.

मुकुलचं म्हणणं पडताळायला सिलिंडर सोडवून गॅलरीत नेऊन ठेवला. ओट्यापाशी फोन धरला. ठिपका नाही. म्हणजे सिलिंडरच होता, सिद्ध झालं. थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग सिलिंडर उचलून परत ओट्याखाली आणून जोडला. संध्याकाळचा चहा करायचाच होता.

चहा उकळेपर्यंत परत एकदा बघितलं. ठिपका आला होता. यंत्र व्यवस्थित चालतंय.

१९ एप्रिल

शब्दांची चाचणी. पडद्यावर येणारे शब्द इंग्रजी असतात, आईला इंग्रजी येत नव्हतं, इथेच खरं तर विषय संपतो. तरीही पद्धत म्हणून प्रश्न विचारून पाहिले. "जेवलीस का?" असं विचारलं. पहिला प्रश्न कुठलाही चालतो. बऱ्याच वेळाने शब्द आला, 'सॉल्ट'. आजच्या डाळीत मीठ खरंच कमी पडलं होतं. योगायोग.

मग विचारलं, "बरी आहेस का?" 'अंब्रेला' आला. त्याचा काही अर्थ लागत नाही. खूप वेळ लावून पाहिला.

बाबांनी त्यांचे सगळे कपडे एका बॅगेत भरून दाराशी ठेवले आहेत. गावाला जायचं आहे असं त्यांच्या डोक्यात बसलंय की काय कोण जाणे. विसरायला होतं हल्ली. विचारलं तर म्हणाले, "आसूंदे रे. तयार आसलेला बरा."

२२ एप्रिल

आज फार वाईट झालं असतं.

सकाळी बाबा जिन्यात पेपर घ्यायला गेले आणि वरच्या स्लॅबचा पोपडा कोसळला. पोपडा कसला, चांगली परातीएवढी चकती, आतली गंजलेली सळी दिसायला लागली. बाबांच्या पायाशी पडली. आवाजाने मी धावलो तर ते जिन्यात उभे, डोकं, भुवया, मिशा सगळं पांढरं, आणि हातात पेपर. "काय्येक झाला नाय," म्हणाले. मी पायरीवर बसलो आणि त्यांनी मला पाणी आणून दिलं. उलटंच सगळं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हरिहरकाका खालून वर आले. शाळेत मुख्याध्यापक होते, अजून तसंच बोलतात. "मितेश, आता एक दिवसही दवडू नकोस. तू कधी निघतोस तेवढं मला सांग."

"काका, बाबांना समजवा ना तुम्ही. ते ऐकतच नाहीत."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा मिशीतली धूळ झटकत होते. "सीतारामरावांची मला चिंता नाही," काका म्हणाले. माणसाच्या डोक्यावर छत कोसळता कोसळता राहिलं, आणि यांना चिंता नाही! सरळ बोलायचा धीर नाही म्हणून मला बोलतात.

ते काही नाही. बाबांना इथून काढायचंच. मला भीती वाटते. आई गेली तेव्हा वाटली नव्हती, तेव्हा हॉस्पिटलची बिलं, दाखला, बँक अशी माझ्याकडे ढीगभर कामं होती आणि रडायचं खातं समीक्षाने सांभाळलं. पण आज जिन्यात बाबा असे पांढरे झालेले पाहिले आणि दुपारपर्यंत एकही काम सुचलं नाही.

२४ एप्रिल

नवीन योजना. आई कळव्यात नाही हे सिद्ध होत नसेल, तर ती शहाडला पोहोचली आहे हे सिद्ध करायचं. ती तिथे म्हटल्यावर बाबा इथे कशाला थांबतील?

जुन्या स्पीकरचं चुंबक काढून खिशात घातलं आणि जागा बघायच्या निमित्ताने शहाडला गेलो. मालक देवराम भोईर, तिथलाच माणूस, अंगात बनियन आणि गळ्यात सोन्याची साखळी. जागा वाईट नाही. हवेशीर आहे, नदी खरंच दिसते. तो चहा आणायला वळला तेवढ्यात ओट्याच्या खालच्या बाजूला चुंबक चिकटपट्टीने लावून टाकलं. फोन फिरवला. ठिपका लाल.

चहा पिताना भोईर म्हणाला, "तुमचं बाबा आलते ना होळीच्या आधी, तुमच्या बहिणीसंगती. त्या खिडकीत लय वेळ हुभे व्हते. बोलले, जागा आपल्याला पसंत हाय, पोरगा हो बोलला का लगेच येतो. मी अजून कोनाला दिली नाय."

दुसऱ्याच कुठल्या भाडेकरूशी घोळ घालतोय हा. होळीच्या वेळी बाबा वर्ष झाल्याशिवाय हलायचं नाही म्हणून अडून बसले होते. पण मी कशाला बोलू? जागा मिळाली म्हणजे झालं.

२७ एप्रिल, रविवार

शहाडला बाबांना आणि समीक्षाला घेऊन गेलो. समीक्षाला आधी काही सांगितलं नव्हतं. मोकळ्या घरात मी फोन फिरवायला लागलो तसा तिने कपाळावर हात मारला. "दादा, प्लीज."

बाबा मात्र शांतपणे माझ्या मागून सगळ्या खोल्यांतून फिरले. ओट्यापाशी ठिपका लाल झाला, बाई बोलली. "बघा," मी म्हटलं, "आई इथे आली आहे. आपल्या आधी." माझा आवाज जरा चिरकला. धूळ होती घरात.

बाबा ओट्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "बोलावल्याबिगर इली कशी? आपल्यात असा कोण जाता? साधा शेजाऱ्याकडच्या बारशाक आवस तुझी बोलावणा येय नाय तोपर्यंत उंबऱ्याभायर पाय घालीत नसा."

हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि खरंच, आई तशीच होती. मानपानाच्या बाबतीत एकदम कडक.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"रीतसर गाऱ्हाना घालूक होया. घरात, कळव्याक. नारळ ठेवन सांगूक होया तिका, बाय, आम्ही चललंव, तू पण चल. मगे येतली." आणि मला म्हणाले, "तू होय म्हणशीत तर शनवारी घालूया. दुसऱ्या दिवशी टेंपो."

आता मी कशाला नाही म्हणू? एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप. "हो," म्हटलं. समीक्षा एकदम खिडकीकडे वळली आणि ओढणीने डोळे पुसायला लागली. हिला रडायला कारण लागत नाही.

निघताना चुंबक काढून घ्यायला ओट्याखाली हात घातला तर ते तिथे नव्हतं. नुसती चिकटपट्टी लोंबत होती. खाली शोधलं, मिळालं नाही. परतीच्या रिक्षात फोन बाबांच्या शर्टाच्या खिशाजवळ गेला आणि ठिपका लाल झाला. सेन्सर बिघडत चाललाय वाटतं.

३० एप्रिल

टेंपो ठरवला. ऑफिसात सुट्टी टाकली. मुकुलने विचारलं, "सर, काय मिळालं का अ‍ॅपवर?" म्हटलं, काम झालं. "उडवून टाका मग. बॅटरी खातं." बघू. अजून जागा आहे फोनमध्ये.

बाहेरची खोली आवरून झाली. कपाट उद्या जाईल. स्वयंपाकघर अजून तसंच आहे.

ओट्यापाशी बसून बरेच प्रश्न विचारले आज. कुठले ते लिहीत नाही.

३ मे, शनिवार

आजची नोंद जसं झालं तसं लिहितो.

सकाळी समीक्षा आली, हरिहरकाका आले. काकांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण बाबांनी बोलावलं म्हणून पांढरा सदरा घालून आले. बाबांनी स्वयंपाकघरात, ओट्यासमोर, पाट मांडला. त्यावर नारळ, विडा, उदबत्ती. मी फोन काढून अ‍ॅप सुरू केलं. कशाला, माहीत नाही. सवयीने.

"ता बंद कर," बाबा म्हणाले. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच. मी बंद केलं.

गाऱ्हाणं मी गावच्या देवळात लहानपणी ऐकलंय. मानकरी देवापुढे उभा राहून मोठ्याने एकेक मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. सगळ्यांनी म्हटल्याशिवाय पुढचं मागणं निघत नाही. बाबा मानकरी नाहीत, पण त्यांनी हात जोडले आणि आवाज काढला तो खोपटच्या डेपोत ऐकू जाईल असा.

"बा देवा महाराजा, आमच्या कुळाच्या मूळपुरुषा, गावच्या राखणदारा! आज हय कळव्याच्या घरात हो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा," आम्ही म्हटलं. काकांनी जरा उशिरा, पण शुद्ध.

"ह्या घरान आमका इतकी वर्षा सांभाळल्यान. पोरा शिकली, चेडवाचा लगीन झाला. आता घर थकला. आमची काय चूकभूल झाली आसात तर ती पदरात घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा."

"आमची कलावती ह्याच घरातसून गेली. तिका आज चार माणसांसमोर मानान बोलावतंव, शहाडाक आमच्याबरोबर चल म्हणान. वाटेत तिका काय अडचण येवक देव नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा." समीक्षाचा आवाज भरून आला होता. माझा नाही. मला वाटलं संपलं, आता नारळ फोडायचा. पण बाबांनी हात खाली घेतले नाहीत.

"आणि ह्यो माझो झील, मितेश. आवस गेली तेव्हा हेना सगळी कामा केल्यान, आमका सगळ्यांका सांभाळल्यान, पण स्वतः रडाक नाय. वर्ष होवक इला, फोन घेवन आवशीक घरभर सोधता. म्हातारो घर सोडणा नाय, असा लोकांका सांगता. मी काय बोलाक नाय. म्हटला, होवंदे हेच्या मनाची तयारी, तवसर थांबू. पण आता हेचो जीव मोकळो कर रे महाराजा!"

कोणी काही बोललं नाही.

समीक्षा खाली बघत होती. हरिहरकाका ओट्यावरच्या डब्यांकडे. दोघांनाही ठाऊक होतं, आणि कधीपासून, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. बाबा हात जोडून वाट बघत होते. नुसती आजची नाही, होळीच्याही आधीपासूनची. छत अंगावर पडायला आलं तरी हा माणूस माझ्यासाठी या घरात थांबला होता, आणि मी त्याला इथून कसं काढायचं याच्या योजना आखत होतो.

मला आई हवी आहे. ओट्यापाशी उभी, पाठमोरी, "थांब रे, कढ येवंदे" म्हणणारी. ती कुठल्याच खोलीत नाही, हे मला पहिल्या दिवशीही माहीत होतं आणि तरी मी सिलिंडर परत आणून ठेवला. मी रडायला लागलो. चांगला हमसून, लहान पोरासारखा, चार माणसांसमोर. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. बाबा जागचे हलले नाहीत. गाऱ्हाणं अडलं होतं.

खूप वेळाने मला ते दोन शब्द म्हणता आले. "व्हय महाराजा."

बाबांनी हात खाली घेतले. मग ओट्याकडे बघून, गाऱ्हाण्याचा तो चढा सूर सोडून, रोजच्या आवाजात म्हणाले, "चल गो. झील येता आता."